मुक्या पाण्याचा साक्षीदार

१९५९ सालच्या डिसेंबर महिन्यांत जपानच्या दक्षिण भागांतील मिनामाता या गांवीं एक समारंभ झाला. तेथील चिस्सो नांवाच्या रासायनिक कारखान्यानें सांडपाणी शुद्ध करण्याचें एक नवें यंत्र बसविलें होतें, व त्या यंत्राचें उद्घाटन व्हावयाचें होतें. जमलेल्या मंडळींच्या समक्ष कंपनीच्या अध्यक्षांनीं पेलाभर पाणी उचललें आणि तें पिऊन दाखविलें. यंत्रांतून शुद्ध होऊन आलेलें पाणी तें हेंच, अशी पाहणारांची समजूत होती. पेल्यांतील पाणी स्वच्छ होतें. त्याला रंग नव्हता कीं वास नव्हता. पुढें अनेक वर्षांनीं उघडकीस आलें कीं, पारा काढून टाकण्याच्या हेतूनें तें यंत्र बांधलेलेंच नव्हतें, आणि कारखान्याच्या ज्या विभागांतून विषारी पाणी येत असे, त्याचें पाणी त्या वेळीं त्या यंत्रांतून जातही नव्हतें.

त्या पेल्याकडे पाहणाऱ्या माणसांपैकीं कोणालाही नुसत्या डोळ्यांनीं खऱ्या-खोट्याचा निवाडा करतां आला नसता. पाणी मुकें असतें. त्याच्या पोटांत काय आहे, हें तें आपण होऊन सांगत नाहीं. या मुक्या पाण्याकडून साक्ष वदवून घेण्यासाठीं रसायनशास्त्रानें प्रकाशाची मदत कशी घेतली, याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावा, असा माझा विचार आहे. हा इतिहास सुमारें साडेचारशें वर्षांचा आहे, आणि त्याचा आरंभ ज्यांनीं केला, त्यांच्या स्वप्नींही विषाचा शोध नव्हता.

प्रथम विषाची ओळख करून घेऊं. पारा, शिसें, कॅडमियम यांना जड धातु म्हणतात. यांपैकीं पहिले दोन आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या वावरत आले आहेत. पारा आमच्या रसवैद्यांनीं शतकानुशतकें खलांत घोटला. देवाला चढवितात तो शेंदूर परंपरेनें शिशाचेंच एक संयुग. कल्हईच्या कथलांत शिशाची भेसळ असली, तर भट्टीवरून उतरलेल्या झगझगीत भांड्याकडे पाहून गृहिणीला ती ओळखतां येत नाहीं. या धातूंचा दुर्गुण असा कीं, शरीर त्यांना सहजासहजीं बाहेर टाकीत नाहीं; तीळ तीळ करून ते सांचत जातात. म्हणून पिण्याच्या पाण्याविषयींच्या भारतीय मानकानें त्यांची मर्यादा फार खालीं ठेविली आहे. एका लिटरांत शिसें ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम आणि पारा अवघा ०.००१ मिलिग्रॅम, याहून अधिक असूं नये. पाऱ्याच्या या आंकड्याचा अर्थ, दहा लक्ष लिटर पाण्यांत १ ग्रॅम. एवढ्याशा वस्तूचा सुगावा जिभेला किंवा नाकाला कसा लागावा?

मिनामाता गांवीं तो सुगावा प्रथम लागला तो मांजरांना. त्या कारखान्यांत ॲसिटाल्डिहाइड नांवाचें रसायन १९३२ सालापासून तयार होत होतें, आणि त्या क्रियेला गति देण्यासाठीं पाऱ्याचें एक लवण वापरीत. कामांत आलेला पारा, त्याचें मिथिल पारा नांवाचें अत्यंत घातक रूप बरोबर घेऊन, सांडपाण्यावाटे खाडींत उतरे. तेथून तो सूक्ष्म जीवांत, त्यांतून माशांत आणि माशांतून कोळ्यांच्या ताटांत येई. प्रत्येक पायरीला त्याचें प्रमाण वाढत जाई. कोळीवाड्यांतील मांजरें झिंगल्यासारखीं चालूं लागलीं, नाचल्यासारखीं गरगर फिरूं लागलीं आणि मरूं लागलीं. मग माणसांची पाळी आली. बोटें बधिर होत, दृष्टि आकसे, जीभ अडखळे, हात थरथरत. १९५६ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनीं, मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग पसरत असल्याची वर्दी आरोग्यखात्याला दिली.

त्यानंतर कारण शोधण्यांत तीन वर्षें गेलीं. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनीं प्रथम मँगनीजवर संशय घेतला, मग सेलेनियमवर, मग थॅलियमवर. १९५८ सालीं डग्लस मॅकआल्पाइन नांवाचे ब्रिटिश मज्जातंतुतज्ज्ञ तेथें आले असतां त्यांना हीं लक्षणें ओळखीचीं वाटलीं. इंग्लंडमधील एका कारखान्यांतील कामगारांना मिथिल पाऱ्याची बाधा झाल्याचें वर्णन १९४० सालीं प्रसिद्ध झालें होतें, त्याच्याशीं तीं जुळत होतीं. मग पाऱ्याचा शोध सुरू झाला, आणि सांडपाण्याच्या तोंडाशीं असलेल्या गाळांत टनामागें सुमारें २ किलो पारा सांपडला. १९५९ च्या जुलै महिन्यांत विद्यापीठानें आपला निष्कर्ष जाहीर केला.

यांतली एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पारा ओळखण्याच्या रासायनिक पद्धति त्या काळीं नव्हत्या असें नव्हे. डायथायझोन नांवाचें एक द्रव्य शिसें, पारा इत्यादि धातूंशीं मिळालें म्हणजे रंग पालटतें, हें १९२५ पासून ठाऊक होतें. परंतु नमुना प्रयोगशाळेंत न्यावा लागे, त्यावर किचकट संस्कार करावे लागत, आणि मुख्य म्हणजे काय शोधावयाचें आहे याची अटकळ अगोदर असावी लागे. पाण्याजवळ बसून, त्याच क्षणीं, पाण्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. अशी सोय ज्या विद्येंतून पुढें निघाली, तिचें मूळ पाहण्यासाठीं आपणांस मिनामाता सोडून स्पेन देशांतील सेव्हिल शहरीं, सोळाव्या शतकांत गेलें पाहिजे.

सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनीं १५६५ सालीं अमेरिका खंडांतून येणाऱ्या वनौषधींवर ग्रंथ लिहिला. त्यांत मेक्सिकोहून येणाऱ्या एका लांकडाची हकीकत आहे. मूत्रपिंडाच्या विकारावर तें लांकूड गुणकारी म्हणून प्रसिद्ध होतें. त्याचे कपटे पाण्यांत टाकले असतां थोड्या वेळानें पाण्यावर आकाशासारखी निळी छटा येई. मेक्सिकोच्या मूळच्या अज्तेक लोकांना हें झाड पूर्वींपासून ठाऊक होतें. ते त्याला कोआतली म्हणत. ही निळाई कोठून येते, याचा समग्र उलगडा व्हावयास २००९ साल उजाडावें लागलें. स्पेनमधील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, निळा प्रकाश देणारें द्रव्य झाडांत तयार नसतेंच. लांकडांतील एका द्रव्याचें पाण्यांत हवेशीं संयोग होऊन रूपांतर होतें, तेव्हां तें जन्मास येतें.

मोनार्देसनंतर शंभर वर्षांनीं, १६६४ सालीं, इंग्लंडचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनीं या पाण्यावर प्रयोग करून लिहून ठेविले. त्यांत त्यांनीं सहज म्हणून एक गोष्ट केली. पाण्यांत थोडें आम्ल टाकलें. निळाई नाहींशी झाली. मग क्षार टाकला. निळाई परत आली. बॉइल यांच्या चाणाक्ष दृष्टीला यांतील मर्म दिसलें कीं, एखादा द्रव आम्ल आहे कीं नाहीं, हें ओळखण्यास ही निळाई उपयोगी पडेल. पाण्यांत काय मिसळलें आहे, हें पाण्याच्या उजेडावरून सांगण्याचा माझ्या माहितींतील पहिला प्रसंग हाच.

परंतु हा उजेड म्हणजे काय, हें कोणास ठाऊक नव्हतें. त्याचें उत्तर एका औषधानें दिलें. हिंवतापावरील कडू कोयनेल आमच्या वाडवडिलांच्या घरोघरीं असे. १८४५ सालीं सर जॉन हर्शेल यांच्या असें दृष्टीस पडलें कीं, कोयनेलचें द्रावण आरपार पाहिलें तर पाण्यासारखें निर्मळ असतें, पण सूर्यप्रकाशांत धरून बाजूनें पाहिलें तर पृष्ठभागाशीं निळी प्रभा दिसते. पुढें १८५२ सालीं केंब्रिजचे प्राध्यापक जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनीं या प्रभेचा छडा लावला. त्यांनीं काळोख्या खोलींत सूर्यकिरण लोलकांतून नेऊन त्याचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि कोयनेलची नळी त्या पट्ट्यावरून तांबड्या टोंकाकडून जांभळ्या टोंकाकडे सरकवीत नेली. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या रंगांत नळी पाण्याप्रमाणें निर्विकार राहिली. जांभळ्याच्या शेवटाशीं येतांच ती निळ्या तेजानें उजळली; आणि आश्चर्य असें कीं, जांभळा रंग संपून जेथें डोळ्यांना अंधार दिसत होता, तेथेंही ती उजळतच राहिली.

तो अंधार रिकामा नव्हता. तेथें जंबुपार किरण होते. मनुष्याच्या डोळ्याला ते दिसत नाहींत. कोयनेलचा रेणु ते घेत होता आणि त्यांच्या मोबदल्यांत दिसणारा निळा प्रकाश परत देत होता. सराफाकडे मोठें नाणें मोडावयास नेलें म्हणजे तो थोडा बट्टा कापून मोड देतो, तसाच हा व्यवहार आहे. रेणु अधिक शक्तीचा किरण घेतो, कांहीं शक्ति स्वतःच्या हालचालींत खर्ची घालतो आणि उरलेल्या कमी शक्तीचा किरण बाहेर टाकतो. स्टोक्स यांनीं फ्लोरस्पार नांवाच्या खनिजावरून या घटनेला फ्लोरेसेन्स असें नांव दिलें. मराठींत आपण तिला अनुस्फुरण म्हणतों.

विषाच्या शोधाला अनुस्फुरण एवढें सोयीचें कां, हें एका साध्या दृष्टांतानें ध्यानांत येईल. काजवा दिवसा दिसत नाहीं, रात्रीं दिसतो. रंग पालटण्याच्या परीक्षेंत भरपूर उजेडांतून अल्पसा उजेड कमी झाला कीं नाहीं, तें पाहावें लागतें. अनुस्फुरणाच्या परीक्षेंत काळोखांत अल्पसा उजेड उगवला कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें. उजेडांतली तूट ओळखण्यापेक्षां काळोखांतला ठिपका ओळखणें शतपटीनें सोपें. स्टोक्स यांनाही याची जाणीव होती. द्रव्यें ओळखण्यासाठीं प्रकाशाच्या अशा गुणांचा उपयोग करावा, असें त्यांनीं १८६४ सालींच एका व्याख्यानांत प्रतिपादिलें.

त्यांचें बोलणें खरें करून दाखविलें तें स्वित्झर्लंडच्या फ्रीड्रिख गोपल्सरॉडर यांनीं. कापड रंगविणारे लोक एका जातीच्या लांकडापासून पिवळा रंग काढीत. त्यांत मोरिन नांवाचें द्रव्य असतें. गोपल्सरॉडर यांनीं १८६७ सालीं दाखविलें कीं, मोरिनचा ॲल्युमिनियमच्या लवणाशीं, म्हणजे आपल्या तुरटींत असतें तशा लवणाशीं, संयोग झाला म्हणजे हिरवा तेजस्वी प्रकाश फांकतो. धातु आली कीं दिवा लागला! धातु ओळखण्यासाठीं अनुस्फुरणाचा हा पहिला हेतुपूर्वक उपयोग मानतात. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेचे रॉबर्ट वुड यांनीं दिसणारा प्रकाश अडवून फक्त जंबुपार किरण जाऊं देणारी काच तयार केली, आणि काळोखांत अनुस्फुरण पाहण्याचें काम सर्व प्रयोगशाळांना सुकर झालें.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणास वाटेल कीं, मग पाऱ्या-शिशासाठींही असाच एखादा मोरिन शोधला कीं काम झालें. पण निसर्गानें येथें मोठी अडचण घालून ठेविली होती. ॲल्युमिनियमसारख्या हलक्या धातु दिवा लावतात. पारा आणि शिसें यांच्यासारख्या जड धातु बहुधा लागलेला दिवा विझवितात. तेजाळलेल्या रेणूजवळ एवढा जड अणु आला म्हणजे रेणूंतील शक्ति प्रकाशाच्या वाटेनें बाहेर न पडतां दुसऱ्याच आडवाटेनें निघून जाते. सराफानें सगळेंच नाणें बट्ट्यांत कापून घ्यावें, तसा हा प्रकार.

आतां दिवा विझला, हीही एक खूणच, असें म्हणतां येईल. परंतु ती खूण संदिग्ध आहे. दिवा विझण्याला कारणें पुष्कळ असतात. कोयनेलच्या आम्ल द्रावणांत नुसतें मीठ टाकलें तरी त्याची प्रभा मावळते, हें स्टोक्स यांनींच पुढें १८६९ सालीं लिहून ठेविलें होतें. पाणी गढूळ असलें, आम्ल असलें, मचूळ असलें, तरी उजेड मंदावेल. विझलेल्या दिव्याची साक्ष कोणत्या न्यायाधीशानें ग्राह्य धरावी? विषारी धातु आली असतां लागणारा दिवा पाहिजे होता, आणि नेमक्या त्याच धातूंचा स्वभाव दिवा विझविण्याचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील रसायनशास्त्रज्ञांपुढें हा पेंच होता.

पेंच सुटण्याची दिशा दिव्यांच्या अभ्यासांतूनच मिळाली. जर्मनींत आल्बर्ट वेलर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत, एका रेणूकडून दुसऱ्या तेजाळलेल्या रेणूकडे इलेक्ट्रॉन उडी मारून जातो आणि त्यामुळें प्रकाश मावळतो, या क्रियेचे नियम बसविले. हे नियम हातीं घेऊन रेणूच्या दिव्याला मुद्दाम एक खिडकी ठेवण्याची युक्ति पुढें आली. देवघरांतील निरांजनाची कल्पना करा. शेजारची खिडकी उघडी आहे, वाऱ्याचा झोत आंत येतो आणि ज्योत धरत नाहीं. कोणी येऊन त्या खिडकींत बसला कीं झोत थांबतो आणि ज्योत स्थिर उभी राहते. रेणूंतील प्रकाश देणारा भाग ही ज्योत; शेजारीं जोडलेला, नायट्रोजन असलेला, धातूला धरून ठेवणारा भाग ही खिडकी; तेथून येणारा इलेक्ट्रॉन हा वारा. धातूचा आयन खिडकींत बसला म्हणजे इलेक्ट्रॉनची उडी थांबते आणि दिवा लागतो.

या युक्तीला शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांत श्रीलंकेचे ए. प्रसन्न डी सिल्व्हा यांचें नांव अग्रभागीं आहे. क्षारधातु आल्या असतां लागणाऱ्या अशा रेणुदीपाविषयींचा त्यांचा निबंध १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें त्यांनीं बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठांत हें कार्य वाढविलें. त्यांच्या तत्त्वावर बनलेले रेणु आज अनेक रुग्णालयांत रक्तांतील सोडियम व पोटॅशियम मोजण्याच्या कामीं येतात. त्याच दशकांत अमेरिकेंत रॉजर त्सिएन यांनीं जिवंत पेशींतील कॅल्शियम दाखविणारे रेणुदीप घडविले, आणि ओहायओ राज्य विद्यापीठांत ॲन्थनी झार्निक यांनीं धातूला धरून उजळणाऱ्या रेणूंचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला.

पाऱ्याचें कोडें सोडविण्यांत झार्निक यांचा वांटा विशेष आहे, आणि त्यांतील युक्ति आमच्या रसवैद्यांना तत्काळ कळली असती. पारा आणि गंधक यांची ओढ फार जुनी आहे. दोहोंना खलांत घोटलें कीं काळी कज्जली होते. निसर्गांत ते हिंगुळाच्या रूपानें एकत्र सांपडतात. युरोपांत गंधकयुक्त द्रव्यांच्या एका वर्गाला एकोणिसाव्या शतकांत मर्कॅप्टन हें नांव मिळालें, त्याचा मूळ लॅटिन अर्थच 'पाऱ्याला पकडणारें' असा आहे. पारा शरीरांत घात करतो तोही या ओढीमुळेंच. शरीराच्या प्रथिनांत जागोजागीं गंधक असतो. पारा त्याला जाऊन चिकटतो आणि प्रथिनांचें काम बंद पाडतो.

झार्निक यांनीं आपले सहकारी चे यांच्यासह १९९२ सालीं या ओढीचेंच आमिष केलें. त्यांनीं असा रेणु घडविला, कीं ज्यांत प्रकाश देणाऱ्या भागाला गंधकाचा अणु जोडलेला होता, आणि तो गंधकच दिवा दाबून ठेवीत होता. पाण्यांत पारा आला कीं तो आपल्या स्वभावाप्रमाणें गंधकाला ओढून काढतो. दाबणारा गेला कीं दिवा भडकतो. पारा रेणूजवळ मुक्कामाला राहत नाहीं, म्हणून दिवा विझविण्याची संधि त्याला मिळत नाहीं. ज्या ओढीनें पारा मारतो, त्याच ओढीनें तो उघडा पडतो.

त्यानंतरची प्रगति वेगानें झाली. ऱ्होडामीन नांवाच्या रंगाचा रेणु मिटलेल्या स्थितींत बिनरंगी व निस्तेज राहतो आणि उघडला कीं नारिंगी तेजानें झळकतो. तांबें आलें असतां हा मिटलेला रेणु उघडेल, अशी योजना झार्निक यांच्या गटानें १९९७ सालीं केली. तोच मार्ग धरून दक्षिण कोरियांतील रसायनशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं पाऱ्यासाठीं उघडणारा रेणु बनविला. इलिनॉय विद्यापीठांतील यी लू यांनीं २००० सालीं आनुवंशिकतेच्या डी. एन. ए. या द्रव्याच्या एका धाग्याला शिशाचा पहारेकरी बनविलें. शिसें आलें म्हणजे धागा तुटतो, आणि त्याच्या टोंकाला जखडून ठेवलेला दिवा मोकळा होऊन उजळतो. पुढें २००४ सालीं अकिरा ओनो व त्यांच्या सहकारी तोगाशी यांनीं दाखविलें कीं, त्याच डी. एन. ए.च्या दोन विशिष्ट अक्षरांमध्यें पारा खिळ्यासारखा नेमका बसतो, व त्यावरून पाण्यांतील पारा ओळखतां येतो. हें काम जपानमध्येंच व्हावें, यांत एक औचित्य आहे.

तथापि श्रोतेहो, या दिव्यांची थोरवी सांगतांना त्यांच्या मर्यादा झांकून ठेवणें बरें नव्हे. कित्येक रेणु पारा व तांबें, किंवा पारा व चांदी, यांच्यांत फसतात. वर सांगितलेल्या १९९२ च्या रेणूला चांदीही उजळवीत असे. कांहीं रेणु निव्वळ पाण्यांत विरघळतच नाहींत. नदीच्या गढूळ पाण्याला स्वतःचें असें थोडें अनुस्फुरण असतें, तें खऱ्या साक्षींत मिसळतें. गाळाला घट्ट चिकटलेली धातु दिव्यापर्यंत पोंचत नाहीं, आणि मिथिल पारा हा साध्या पाऱ्याप्रमाणेंच प्रत्येक रेणूला उजळवील असेंही नाहीं. म्हणून जेथें कायद्याचा निकाल द्यावयाचा असतो, तेथें आजही नमुना प्रयोगशाळेंतील मोठ्या यंत्रांपुढें जातो. ऑस्ट्रेलियाचे ॲलन वॉल्श यांनीं १९५५ सालीं मांडलेली, अणूंनीं शोषलेल्या प्रकाशावरून धातु मोजण्याची पद्धति त्यांत प्रमुख आहे, आणि तिच्याहून सूक्ष्म अशीं वस्तुमान मोजणारीं यंत्रेंही आहेत. रेणुदीपाचें काम पहाऱ्याचें आहे. घरांत कोणी शिरला आहे, हें तो ओरडून सांगतो. चोराची झडती पुढें प्रयोगशाळेनें घ्यावयाची.

मग पहारेकऱ्याला एवढें महत्त्व कां द्यावें? याचें उत्तर पुन्हा मिनामाता गांवींच मिळतें. तेथील सगळ्यांत दुःखद गोष्ट अज्ञानाची नाहीं. रोगाची पहिली वर्दी देणारे डॉक्टर होसोकावा यांनीं १९५९ सालीं कारखान्याच्या रुग्णालयांत मांजरांवर प्रयोग चालविले होते. त्यांतील ४०० क्रमांकाच्या मांजराला त्यांनीं ॲसिटाल्डिहाइड विभागाचें सांडपाणी अन्नांतून घातलें, आणि ऑक्टोबर महिन्यांत त्या मांजरांत तंतोतंत तींच लक्षणें दिसलीं. समारंभांतील पेला त्यानंतर दोन महिन्यांनीं उचलला गेला. म्हणजे पेला उचलण्यापूर्वींच पाण्यानें साक्ष दिली होती. परंतु ती कारखान्याच्या भिंतींच्या आंत दिली गेली, आणि कंपनीनें प्रयोग थांबवून ती तेथेंच दाबून टाकली. पाऱ्याचें सांडपाणी समुद्रांत जातच राहिलें. १९६५ सालीं निगाता भागांत दुसऱ्या एका कंपनीच्या सांडपाण्यानें तोच रोग पुन्हा उद्भवला. १९६८ सालच्या मे महिन्यांत कारखान्यानें तें उत्पादन बंद केलें, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत सरकारनें रोगाचें कारण अधिकृतपणें मान्य केलें. होसोकावा यांनीं १९७० सालीं रुग्णशय्येवरून न्यायालयापुढें आपली साक्ष नोंदविली आणि त्याच वर्षीं ते निवर्तले. १९७३ सालीं न्यायालयानें कंपनीला दोषी ठरविलें.

पहिल्या वर्दीपासून सरकारी कबुलीपर्यंत बारा वर्षें गेलीं. या बारा वर्षांत कोळ्यांच्या हातीं आपली बाजू सिद्ध करण्याचें एकही साधन नव्हतें. त्यांच्यापाशीं मेलेलीं मांजरें होतीं, थरथरणारे हात होते आणि आईच्या उदरांतच विष पोंचलेलीं मुलें होतीं. परंतु हा पुरावा म्हणून पुढें करतांच, याचें कारण दुसरेंच असेल, असें म्हणण्याची सोय समोरच्या पक्षाला होती. पाणी ज्याच्या ताब्यांत, नमुना त्याच्याच ताब्यांत, आणि नमुन्याची परीक्षाही त्याच्याच ताब्यांत. रेणुदीपानें एकट्यानें हा अन्याय टाळला असता, असें मी म्हणणार नाहीं. ज्यांना सत्य दडपावयाचें असतें, ते दिवाही झांकून ठेवतात. पण दिवे अनेकांच्या हातीं असले, म्हणजे सगळे एकदम झांकतां येत नाहींत. मचव्यावर बसून पाण्याचे चार थेंब नळींत घेऊन, त्यावर जंबुपार दिवा धरून, तिथल्या तिथें उजेड दाखवितां आला असता, तर समारंभांतील तो पेला एवढ्या निर्धास्तपणें उचलला गेला नसता, एवढें मात्र खास.

पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं कुमामोतो येथें झाला, आणि त्याला मिनामाता गांवाचेंच नांव देण्यांत आलें. तो २०१७ सालीं अंमलांत आला व भारतानें २०१८ सालीं त्याला मान्यता दिली. करारानें विषाची वाट अरुंद होते. पण पाणी रोज भरावें लागतें आणि रोज प्यावें लागतें, म्हणून पहाराही रोजचाच हवा. स्वस्त, खात्रीचा आणि सामान्य गृहस्थाला हाताळतां येईल असा रेणुदीप घरोघरीं पोंचविण्याचें काम अद्याप पुरें व्हावयाचें आहे. जगांतील अनेक प्रयोगशाळा, आणि त्यांत आपल्या देशांतील प्रयोगशाळाही, त्याच उद्योगांत आहेत.

सेव्हिलच्या वैद्यानें लांकडाचा कपटा पाण्यांत टाकला, तेव्हां त्याला निळी छटा दिसली आणि तो नवल करून थांबला. बॉइल यांनीं तिच्यांत थोडें आम्ल टाकून तिला प्रश्न विचारला. त्या दिवसापासून पाणी बोलूं लागलें आहे. तें काय म्हणतें, तें ऐकण्याचें साधन कारखान्याच्या कुंपणाआड न राहतां पाणी पिणाऱ्याच्या हातीं यावें, एवढी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.